वऱ्हाड नव्हतं, मजूर होतो

“ओता, ओता! सख्ख्या बहिणीचा हात मोडला, आता दुसऱ्या कुणाच्या बहिणीची मान मोडू दे,” म्हणत मन्नूबियाने नवऱ्याच्या हातातली बादली ओढली. अर्धं पाणी लझहरच्या चपलांवर सांडलं.

“अगं, गाडीचा हौदा कोरडा ठेवला तर बाया फतकल मारून बसतात. बसल्या की निम्म्याच मावतात,” तो खेकसला. “सगळेच ड्रायव्हर ओततात. मी काय नवा शोध लावलाय?”

सिदी बूझीदकडच्या त्या गावात हे खरंच होतं. मन्नूबिया स्वतः लग्नाआधीपासून ओल्या हौद्यात उभी राहून ऑलिव्ह तोडायला गेलेली. पुढे लझहरने जुना टेम्पो घेतला आणि पहाटे दारोदार हाका मारून बाया गोळा करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. हौद्यात मजूर भरून न्यायला बंदी, म्हणून चौकीवर पोलिसाने हात केला की टाळ्या कशा पिटायच्या, जीभ हलवून आनंदाचे चीत्कार कसे काढायचे, “लग्नाला चाललोय, दादा” कसं म्हणायचं, हेही तिनेच शिकवलं. वऱ्हाडाला कोण अडवणार?

गेल्या आठवड्यात वळणावर नणंद सालिहा हौद्यातून खाली पडली. इस्पितळात विचारलं, “कामावर जाताना पडलात का?” वेदनेने अर्धमेली सालिहा सवयीने बोलून गेली, “नाही, लग्नाला जाताना.” झालं! तसंच लिहिलं गेलं. कामावरचा अपघात नाही, तर भरपाई कसली?

तेव्हापासून मन्नूबिया घरात टिकत नव्हती. शेतमजूर बायकांच्या गाडीला परवाना मिळतो, त्यासाठी बाकं लागतात, प्रत्येकीचं विम्याचं कार्ड लागतं, हे ती शहरातून विचारून आली. “नाव नोंदवलं तर माझं फुकट औषध बंद होईल,” म्हणून गाडीतली म्हातारी मबरूका अडून बसली, तर तिला हाताला धरून विम्याच्या कचेरीत नेली आणि बंद होणार नाही हे साहेबाच्याच तोंडून ऐकवलं.

“बाकं टाकली की दोन खेपा,” लझहर चपला झटकत म्हणाला. “डिझेल तुझा बाप भरणार?”

“माझ्या बापाने मला दिली तेवढं पुरे झालं.”

ओट्यावर सालिहा डाव्या हाताने तेलात भाकर बुडवत होती. “दादा, तुझ्या गाडीत वऱ्हाडी म्हणून चढले आणि प्लास्टरची बांगडी भरून उतरले. एवढा आहेर बास झाला.”

“तू गप गं! इस्पितळात खरं सांगितलं, तर दंड कुणाला होणार? मला!”

“होईल,” मन्नूबिया म्हणाली.

सासू कुसकुसचा रवा चाळता चाळता थांबली. “सुनबाई, घरचा माणूस आहे तो.”

“सालिहा कुठली आहे, आत्याबाई? परक्या घरची?”

सासूने चाळणी पुन्हा हलवायला घेतली.

मन्नूबियाने बादली विहिरीवर उपडी घातली. गाडीची चावी काढून रुमालाच्या टोकात गाठ मारून बांधली.

“उद्या मी सालिहाला घेऊन इस्पितळात जाणार. लग्न नव्हतं, कामावर चाललो होतो, असं सांगणार. परवा लोहार येतोय. बाकं बसून परवाना हातात येईस्तोवर गाडी ऑलिव्हला जाणार नाही. ज्यांची कार्डं व्हायची आहेत, त्यांना कचेरीत घेऊन जाईल. तुम्हाला चालवायची नसेल, तर मी दुसरा ड्रायव्हर बघते.”