साहेब आले, ऊठ

"खड़ी तो हो रही हैं अम्मा. इमरजेंसी काहे की?"

असं म्हणून डॉक्टर हसले. कंपाउंडर हसला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवराही हसला.

आई खाटेजवळ उभी होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले, कपाळावर घाम. छातीतली कळ डाव्या हातात उतरत होती. तरी उभी. कारण मीच तिला उठवलं होतं. "आई, साहेब आले, ऊठ," म्हणत दंडाला धरून उठवलं होतं.

आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पणजोबा देवासच्या दरबारात चोपदार होते. दरबार गेला, हातातली काठी गेली, उभं राहणं तेवढं राहिलं. बँकेतला बाबू आला, मीटर बघणारा आला, तरी आम्ही उठतो. आई फराळाचे जिन्नस करून विकते. गिऱ्हाईक मोटारीतून उतरलं की कढई सोडून उभी राहते.

डॉक्टरांनी तिला हातही लावला नाही. लांबूनच विचारलं, "क्या तकलीफ है?"

"कुछ नहीं साहेब, थोड़ी घबराहट."

साहेबांपुढे आपलं दुखणं मोठं करायचं नाही, हेही आमच्याकडचंच. सकाळपासून ती भिंत धरून बसली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं.

"मरीज़ आप हो क्या?"

नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी "सॉरी सर" म्हणाले.

गॅसचं इंजेक्शन. खाट रिकामी करा. बाहेर बाकावर बसा.

बाकावर आई माझ्या अंगावर कलली. मी आत डॉक्टरांकडे धावले. "अभी तो देखा ना, भली-चंगी खड़ी थीं." मी परत आले. भांडायचं सोडून परत आले आणि आईलाच म्हणाले, जरा दम धर, साहेब चिडतात.

मग ती बाकावरून खाली घसरली. तेव्हा सगळे पळत आले. उभी बाई त्यांना दिसली नव्हती, पडलेली दिसली. ईसीजी काढला, इंदूरला पाठवलं. आई वाचली, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोड़ा जल्दी लाना था." वेळेवरच आणलं होतं. हेही मी बोलले नाही.

आता तिला कढई उचलवत नाही. "तुझं काय चुकलं गं," म्हणते. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात तिला पुन्हा दम लागला. तीच इमर्जन्सी, तेच डॉक्टर. ते दारातून आत आले आणि आईने पाय खाली सोडले, पदर डोक्यावर घेतला. मी तिचा खांदा दाबून धरला.

"आई, उठायचं नाही."

"अगं, साहेब आलेत."

"येऊ देत."

डॉक्टर टेबलाशी जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "अम्मा, इधर आ जाओ."

"नहीं आएँगी," मी म्हणाले. "पिछली बार खड़ी हुई थीं, तो आपने देखा नहीं. आप इधर आइए. वो बोलेंगी, आप पूरा सुनिए."

"दीदी, तमीज़ से," कंपाउंडर म्हणाला. मी खांद्यावरचा हात काढला नाही.

डॉक्टर उठले. खाटेजवळ आले. आई चादरीकडे बघत हळूच म्हणाली, "दुखता है साहेब. बहुत दुखता है." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी वाकून तिच्या छातीला नळी लावली.

एवढ्याने माझं पाप फिटत नाही. त्या दिवशी माझ्या हाताने ती उठली, ते मला मरेपर्यंत पुरेल.

परवा मीटरवाला आला. माझी मुलगी जेवण सोडून उठायला लागली. मी तिला खाली बसवलं, जेव म्हटलं. आमच्या घरातली शेवटची उभी राहिलेली बाई माझी आई. आता ज्याला आम्हाला तपासायचंय, त्याने वाकायचं.