सोनबाची टणक डोली

सोनबाबरोबर कुठं जायचं म्हणजे मला लाज वाटायची. पानशेतला एखाद्या हॉटेलात चहाला टेकलो की हा आधी प्लास्टिकची खुर्ची उलटी करणार आणि बोटाच्या पेराने ठोकून बघणार. मग टेबल, मग बाहेरची पाण्याची टाकी. हॉटेलवाला गल्ल्यावरून डोळे वटारतोय, शेजारची पुण्याची मंडळी हसतायत, आणि याचं आपलं चाललेलं, "मास्तर, हिच्यात पावडर लई हाय. हितं पायाजवळ मोडंल." मी म्हणायचो, "अरे बाबा, तू चहा पी." दोन महिन्यांनी त्या खुर्चीचा पाय बरोबर त्याच जागी मोडला. खाली पडणारा मीच होतो, म्हणून नीट लक्षात आहे.

मी सात वर्षं त्याच्या वाडीवर शाळामास्तर होतो. वेल्ह्याच्या डोंगरात चौदा घरांचा धनगरवाडा, आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत दीड तासाची उतरण. वाडीची माणसं शेरडं-म्हसरं राखायची. सोनबा तेवढा सोमवारी खाली उतरून नसरापूरजवळच्या एका फायबरच्या शेडमध्ये कामाला जायचा आणि शनिवारी वर यायचा. तिथं बाथटब, दारं, बागेतल्या घसरगुंड्या बनत. काम दिसायला सोपं. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर रेझीन नावाचा काकवीसारखा चिकट रस ओतायचा, ब्रशने मुरवायचा, आणि तो वाळला की वर दुसरा थर द्यायचा. रसात एक पांढरी पावडर मिसळतात, खडूच्या भुकटीसारखी.

"पावडर वाईट न्हाई," सोनबा मला सांगायचा. "थोडी टाकली तर रस वघळत न्हाई, वाळताना आकसत न्हाई, माल ताठ ऱ्हातो. पण जास्त झाली की रस घट्ट व्हतो, काचंत मुरतच न्हाई. मग वरनं दगडावानी टणक आन् आतनं कोरडा. वजन पडलं की वाकत न्हाई, सरळ मोडतो."

"म्हणजे कडक आणि मजबूत एक नव्हे."

"न्हाईच की. मास्तरकी करता आन् येवढं ठावं न्हाई तुमाला?"

वाडीतलं आजारी माणूस खाली न्यायचं तर लांब वेळूला घोंगडीची झोळी बांधायची आणि तिच्यात माणूस घालायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. झोळीत माणूस दुमडतं. सोनबाचा बाप, हैबतीबाबा, पाच वर्षांमागे छातीत कळ आली म्हणून असाच दुमडून खाली नेला. अर्ध्या वाटेत त्याचा श्वास थांबला. सरळ झोपवून नेला असता तर वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. सोनबाने मात्र आपल्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं होतं. त्याच्या आईने, बयाबाईने, तेव्हाच सांगितलं होतं, "मला मेले तरी त्या झोळीत घालू नगा."

म्हणून त्याने फायबरची डोली करायची ठरवली. माणसाच्या लांबीची उथळ पन्हाळी, पुढे दोन आणि मागे दोन आखूड दांडे. दांडे आखूड अशासाठी की वाटेच्या वळणांवर लांब वेळू अडकतो. शेडच्या मालकाने रविवारी साचा वापरायला दिला आणि उरलेला माल घे म्हणाला. वळवाचे दिवस होते. डोली न्यायला आम्ही आठ जण वाडीवरून उतरलो होतो, वाजंत्री, गुलाल, नारळ घेऊन. मीही होतो. कोंडिबा, वाडीतला सगळ्यांत वडील माणूस, तो पुढे होता.

दुपारी रस संपला. कंबरेच्या भागावरचे शेवटचे दोन थर राहिले होते. सोनबा बाहेर आला आणि म्हणाला, "कोंडिबानाना, म्होरच्या रविवारी न्याया का?"

"उद्या आमुशा," कोंडिबा म्हणाला. "आमुशेला नवी वस्तू उंबऱ्यात आणत्यात व्हय? आन् म्होरल्या रविवारी पाऊस आला म्हंजी? आठ माणसं रिकाम्या हातानं धाडतोस काय?"

सोनबा आत गेला. डब्याच्या तळाशी चार-पाच ओंजळी रस असेल. पावडरीची पोती मात्र भिंतीला छतापर्यंत रचलेली होती. पाहुणे वाढले की बाया कालवणात पाणी ओततात. त्याने रसात पावडर ओतली. मी दारातून बघत होतो. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं उकाड्याने कावला असेल. मी मूर्ख होतो, दुसरं काय.

संध्याकाळी डोली वाजतगाजत वर आली. जो तो येऊन पेराने ठोकून बघायचा, कारण ठोकायची सवय सोनबानेच सगळ्यांना लावली होती. ज्या आवाजाला त्याचा कान खोटा म्हणायचा, तोच आवाज वाडीला खणखणीत वाटला. बयाबाईने नारळ फोडला, आत बसून दोन्ही हातांनी ठोकलं आणि म्हणाली, "माझ्या लेकानं टणक केलीया."

सोनबाने त्याच वेळी देवळापुढे सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. "कंबरंला पावडर जास्त झालीया. दोन थर चढवल्याबिगर हिच्यात माणूस घालू नगा." लोक हसले. नव्या सुनेचं कौतुक झालं की सासू 'कशाचं काय' म्हणते, तसं त्यांना ते वाटलं. कोंडिबा म्हणाला, "मोडंल कशी? वाजवून बघ की." न मोडलेली वस्तू मोडेल हे दाखवायचं तर ती मोडूनच दाखवावी लागते.

आठवड्यात पाऊस लागला. ओलाव्यात रस धरत नाही, नुसता चिकट राहतो. त्यामुळे नवे थर आता दसऱ्यानंतरच. सोनबाने डोलीच्या बुडाला दोन वेळूचे तुकडे बांधले. पोरांनी ते सोडून टाकले, कारण दगडाला अडकतात आणि वजन वाढतं. त्याने पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. तिसऱ्यांदा पोरांनी ते शेरडांच्या वाड्याला लावून टाकले.

आषाढात कोंडिबाची सून स्वप्नाली अडली. तिला डोलीतून खाली नेली. डोली टिकली, खाली मुलगा झाला, आणि त्या दिवसापासून सोनबाचं म्हणणं कुणी ऐकूनही घेईना. त्या रविवारी तो मला गोठ्यात घेऊन गेला. डोली उलटी करून त्याने बॅटरी मारली. कंबरेच्या जागी केसासारख्या पांढऱ्या रेषा होत्या, आठ-दहा.

मला संताप आला. त्याचा, वाडीचा आणि दारात उभं राहून बघणाऱ्या माझ्या स्वतःचा. मी म्हणालो, "मग फोडून टाक ना एकदाची."

"फोडली तर दुसरं काय हाय, मास्तर?" तो म्हणाला. "झोळीच ना?"

दसऱ्यापर्यंत कुणी आजारी पडू नये, एवढंच मागणं उरलं. मी तसा देवभोळा नाही, पण त्या महिन्यांत सकाळी शाळेचं दार उघडताना मी चौदाही घरांकडे बघून घ्यायचो, सगळ्यांच्या चुली पेटल्यात ना.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बयाबाई गोठ्यातल्या राडीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पाय जरा हलवला तरी ती किंचाळायची. झोळीचा प्रश्नच नव्हता. मोडलेला खुबा झोळीत दुमडणार कसा? कुणी न सांगता पोरांनी डोली आणून उंबऱ्याशी ठेवली.

सोनबा शेरडांच्या वाड्याकडे धावला, वेळू उपटायला. कोंडिबा ओरडला, "आरं, म्हातारी तडफडतीया आन् तू बांबू कसले उपटतोस?" तोवर चौघांनी तिला उचलून आत ठेवली होती. सोनबा आईच्या तोंडाजवळ वाकला. "आयं, ही डोली बरी न्हाई. जरा दम काढ, मी खालनं बांधून घेतो."

"तू केलीयास न्हवं?" बयाबाई म्हणाली. "मग चल. मला काय व्हत न्हाई."

चौघांनी दांडे खांद्यावर घेतले. मागच्या उजव्या दांड्याला मी होतो, डाव्याला सोनबा. पाऊस भुरभुरत होता, वाट सगळी शेवाळलेली. तासभर काही झालं नाही. खिंडीच्या खालच्या वळणावर पुढच्यांनी एकदम पाऊल खाली टाकलं, आणि मला आवाज आला. मोठा नव्हता, वाळकी काटकी मोडावी एवढाच. पुढचे म्हणाले, दांडा कुरकुरला. सोनबाने माझ्याकडे बघितलं. त्याने आपला दांडा बदलीला मागून येणाऱ्या एका पोराकडे दिला, आम्हाला दांडे खांद्यावरून खाली हातांत घ्यायला लावले, वाकून डोलीखाली शिरला आणि कंबरेचा भाग पाठीवर घेतला.

तिथून रस्ता अर्ध्या तासावर होता. तो अर्धा तास सोनबा गुडघ्यात वाकून, हात जमिनीला लावत, आईच्या खुब्याखाली पाठ देऊन उतरला. वरून बयाबाईने विचारलं, "सोनबा कुठं गेला?"

"हितंच हाय, आयं," खालून आवाज आला. "तोल सांभाळतोय."

मला रडू येत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पुसताही येत नव्हतं.

रस्त्यावर खालच्या गावच्या पप्पूचा टेम्पो, फोन करून बोलावलेला, गादी घालून उभा होता. बयाबाईला आत सरकवली, सोनबाची बायको रत्ना उशाशी बसली. सोनबाही चढला. पाठ सोलून निघाली होती, सदरा रक्ताने चिकटला होता. पोरांनी रिकामी डोली उचलली. कोंडिबा म्हणाला, "वर नेऊन ठीवतो. कवा कुणाला लागंल, सांगता येत न्हाई."

ते ऐकून सोनबा खाली उतरला. त्याने डोली पोरांच्या हातून घेतली, मैलाच्या दगडावर आडवी ठेवली आणि कंबरेवर एक पाय दाबला. फार जोर लावावा लागला नाही. डोलीचे दोन तुकडे झाले. आत काचेचे धागे कोरडेच होते, रसाचा थेंब न लागलेले, आणि त्यांच्यातून पांढरी भुकटी ओल्या रस्त्यावर सांडली. कोंडिबाने ती चिमटीत घेऊन बघितली.

मग कोंडिबा हळू आवाजात म्हणाला, "आता म्हातारीला वर कशात आणायची?"

सोनबा टेम्पोत चढला. टेम्पो गेला.

चौथ्या दिवशी मी भोरला दवाखान्यात गेलो. खुब्यात सळई घातली होती. डॉक्टर म्हणाले, आठवड्याने घरी न्या, पण दीड-दोन महिने बसवायचं नाही, पायावर उभं करायचं नाही, न्यायचं ते सरळ झोपवून. बयाबाईचा चेहरा मात्र उजळला होता. कॉटशेजारी प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर मला बसवलं आणि पेराने खुर्चीचा हात ठोकून म्हणाली, "ही काय खुर्ची हाय, मास्तर? बद्द वाजतीया. आमची डोली बघा कशी टणक. हितल्या बाया इचारत्यात, डोंगरात कशी जाशील गं म्हातारे. म्या म्हनलं, माझ्या लेकानं डोली केलीया, मला कशाचा घोर?"

सोनबा कॉटच्या पायाशी उभा होता. दसऱ्याला अजून जवळजवळ महिना होता, आणि शेडमध्ये नवी डोली करायची तर उन्हं पडायला हवी होती. बाहेर पाऊस चालूच होता.

"मंगळवारी सोडत्यात म्हनं," बयाबाई त्याला म्हणाली. "पोरास्नी सांगावा धाड. डोली घिऊन सकाळीच या म्हनावं."

"व्हय, आयं," सोनबा म्हणाला.