धावपट्टी पास व्हायला हवी

आमच्या फ्लाइंग क्लबचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. दरवर्षी दिल्लीहून इन्स्पेक्टर यायचा, आणि तो गेला की एखाद-दुसरा किस्सा आपोआप मागे उरायचा. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरबाहेर, कन्हान नदीच्या अंगाला आमची छोटी धावपट्टी. मी तिथला क्लार्क, देशकर साहेब आमचे मुख्य. इन्स्पेक्टरच्या बगलेत आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांचं जाडजूड पुस्तक असे. नापास झालो तर लायसन्स जाणार आणि क्लबला कुलूप लागणार. साहेबांचा सगळा जीव त्या पुस्तकात अडकलेला.

एकदा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटला. गांधीबागेच्या बाजारातून कापड आणून शिंप्याला माप दिलं. इन्स्पेक्टरसमोर मोजा वर चढवला, तर तो फुगेचना. शिंप्याने दोन्ही तोंडं पक्की शिवून टाकली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "उघडं ठेवलं तर अंदर पाखरं घर करतीन ना, साहेब."

पुढच्या वर्षी हुकूम आला, भोवती कुंपण हवं, जनावर आत येता कामा नये. घाईघाईत तारा ठोकल्या. इन्स्पेक्टर आला तेव्हा गवळ्याच्या म्हशी धावपट्टीवर रवंथ करत बसलेल्या. कुंपण घालताना त्या आतच राहिल्या होत्या! साहेब शांतपणे म्हणाले, "कुंपण मजबूत आहे, सर. सकाळपासून एकही बाहेर पडू शकली नाही."

मग आगीची ड्रिल. आमचा चौकीदार मारोती बेशुद्ध पायलट झाला. फायरवाल्यांनी त्याला ओढून काढलं, स्ट्रेचरवर घातलं आणि उन्हात ठेवून बिडी प्यायला गेले. थोड्या वेळाने मारोती उठला, स्ट्रेचर उचलून लिंबाच्या सावलीत नेलं आणि पुन्हा डोळे मिटून पडला. इन्स्पेक्टर म्हणाला, "तुमच्याकडे जखमी तेवढा चपळ आहे."

खरा पेच मात्र चिंचेचा. पट्टीच्या टोकाला अनसूयाबाई नावाच्या म्हातारीचं शेत होतं. त्यातली उंच चिंच नेमकी विमान उतरायच्या वाटेत. पुस्तकाप्रमाणे ती तोडायला हवी होती, पण बाई ऐकेना. "चिंच माह्या सासऱ्यानं लावली. तुमचं इमान आत्ता आलं. त्याले सांगा ना गा, जरा वरून जाय म्हणा."

इन्स्पेक्टरने वर्षाची सवलत दिली. तोवर अडथळा पायलटला दिसावा म्हणून शेंड्यावर लाल दिवा लावायचा. आम्ही क्लबमधून वायर ओढून दिवा लावला. बाईच्या गावात वीज अजून पोचली नव्हती. संध्याकाळ झाली की अख्खं गाव चिंचेखाली येऊन बसू लागलं. पत्ते, भजन, सोयरिकीची बोलणी, सगळं तिथेच.

वर्ष संपलं. इन्स्पेक्टरला घेऊन आम्ही बाईकडे गेलो. साहेबांनी हात जोडले. "बाई, या खेपेला वाट मोकळी झाली नाही तर आमचा क्लब बंद होईल."

बाईने एकदा चिंचेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "घेऊन जा बापू चिंच. तुमच्या पोटावर पाय काहून देऊ मी?"

साहेबांचे डोळे भरून आले. इन्स्पेक्टरनेही समाधानाने पुस्तक मिटलं.

"पन दिवा गावाले राहू द्या," बाई म्हणाली. "इथंच, तेवढ्याच उंच खांबावर बसवून द्या."