घ्यायला कोण गेलं होतं?

मंडळी, आज दुपारी किनवटहून नांदेडला येताना गाडीत घडलं ते सांगते.

मी किनवटला मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. दिवस पोरींच्या मागं पळण्यात जातो, म्हणून माझी कादंबरी मी मोबाईलवरच्या टर्मिनल नावाच्या साध्या ॲपमध्ये लिहिते, जमेल तिथं. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि पर्समध्ये मावणारा घडीचा कीबोर्ड. जंगलात रेंज गेली तरी काम चालतं. फक्त लिहिलेलं साठवताना ते दर वेळी विचारतं, काय बदललं? दोन शब्द लिहिल्याशिवाय सोडत नाही. खरं सांगू का, मला रोज काही विचारणारं तेवढंच आहे.

आज समोरच्या सीटवरच्या मावशींनी विचारलं, "काय करून राहिलीस गं? हापिसाचं हाय का?"

"न्हाई मावशी, गोष्ट लिहितेय. एक बाई भावांशी भांडून घर सोडून गेली. ती परत येते का, तेच सुचंना."

"तिला घ्यायला कोण गेलं होतं?"

मी मागची प्रकरणं चाळली. दोन वर्षं लिहितेय, पण माझ्या कादंबरीतलं कोणीच तिला घ्यायला गेलेलं नाही.

"मग ती यील कशी?" एवढं म्हणून मावशी मुदखेडला उतरल्या.

मी साठवायला गेले. काय बदललं? मी लिहिलं, "तिला घ्यायला कोणीच आलं नाही."

तुमच्याकडं रुसून गेलेल्या बाईला घ्यायला कोण जातं?

माझे दोन्ही भाऊ लातूरला असतात. माझ्या पोस्ट ते वाचतात का, माहीत नाही.