आधीच आलेलं उत्तरायण

गोपाळमास्तर म्हणजे भूगोलाचा किडा. उंद्रीच्या शाळेत आमचे वर्ग शेजारीशेजारी. चौसष्ट सालच्या डिसेंबरात त्याची माय, कौशल्याबाई, अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हातारीचा एकच हट्ट, मरण यावं ते उत्तरायणात. तशी चांगली गती मिळते, असं तिनं पोथीत ऐकलेलं. आणि उत्तरायण लागतं संक्रांतीला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ती झोपेचना. डोळा लागला आणि त्यातच जीव गेला तर? दिवसरात्र कण्हायची, पण डोळे टक्क उघडे.

आता सूर्य बावीस डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, हे गोपाळ दरवर्षी पोरांना घसा फोडून शिकवायचा. घरात मात्र तोंडाला कुलूप. मी एकदा चिडलोच.

"सांगून टाक ना तिले. झोपू दे बिचारीले."

"संक्रांतीसाठीच टिकून राह्यली माय," तो म्हणाला.

जानेवारीत तिची तडफड बघवेना. एका दुपारी मी तिथेच होतो. गोपाळनं तिला बसतं केलं. बावीस डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेच्या खिडकीतला कवडसा जिथवर आला होता, तिथं त्यानं सवयीनं चुन्याची रेघ ओढलेली. आता त्याच वेळी तो दोन बोटं मागं, खिडकीकडे सरला होता.

"पाह्य माय, सूर्य फिरला. उत्तरायण लागलं."

"कधीचं?"

"पंधरवडा होत आला."

तिनं बराच वेळ रेघेकडे पाहिलं. "मंग मले काऊन जागवलं रे इतके दिवस?"

गोपाळनं तिचं पांघरूण सारखं केलं. ती कुशीवर वळली, लगेच झोपली. दिवेलागणीला हलवून पाहिलं तर गेलेली होती.

तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली, पाहुणे कोण आले, त्याला काही ठाऊक नव्हतं. वाढलं की जेवायचा, बस म्हटलं की बसायचा.

दहावा नेमका संक्रांतीला आला. नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. "दक्षिणायनात गेली, इच्छा राहिली," भटजी म्हणाले. कुणी तिच्या नातवाचं लग्न लावून द्यायचं कबूल केलं, कुणी तिची गाय सांभाळायचं. उन्हं चढली.

मग गोपाळ पिंडापुढं उकिडवा बसला. हजेरी घेताना लागतो तसल्या कोरड्या आवाजात म्हणाला, "माय, मले तू पाह्यजे होती. म्हणून नाही सांगतलं."

कावळा तरीही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा करून पिंडाला शिववला.