सोमलाचे वकील

सबंध मुंबईत सोमलाची बाजू घेणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. सोमल म्हणजे आर्सेनिक. तुमच्या-आमच्यासारख्यांना हे नाव रहस्यकथेतल्या दुधाच्या पेल्याखेरीज कुठे भेटत नाही. पण जगात कुणावर सर्वांत जास्त अन्याय झाला असेल तर तो या पदार्थावर, असं आतोबांचं ठाम मत. रे रोडला लाकडाच्या वखारींजवळ एका कारखान्यात ते केमिस्ट होते. वाळवी लागू नये म्हणून तिथे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं पाणी मोठ्या टाकीत दाब देऊन लाकडात मुरवायचे. आतोबा त्याला ‘लाकडाला औषध पाजणं’ म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कारखानाही बंद पडला, पण आजही वाटेत हिरवट झाक असलेला लाकडी खांब दिसला की ते थबकतात, त्याला नीट न्याहाळतात आणि गाववाला भेटल्यासारखे खूश होऊन म्हणतात, “आपल्यातला आहे.”

मात्र त्या खांबाला ते बोटही लावत नाहीत. सोमलाचं एवढं गुणगान करणाऱ्या या माणसानं दादरच्या घरात साधी मुंग्यांची पावडर कधी येऊ दिली नाही. नोकरीत असताना कारखान्यातच आंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचे आणि आल्यावर पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायचे. “त्याचा मान ठेवायचा, पण त्याला घरी बोलवायचं नाही,” असं सांगायचे. आत्या म्हणायची, “सोमल ही माझी सवत आहे. घरात येत नाही, पण ह्यांच्या तोंडातून जातही नाही.”

आमचं सामान्यज्ञान सगळं याच एका खिडकीतून आलं. लहानपणी त्यांनी आम्हा भाचरांना म्युझियम दाखवायला नेलं. बाकीची मुलं पेंढा भरलेल्या वाघाचे दात बघत होती आणि आम्हाला आतोबा त्याच्या कातड्याला आतून काय चोळलंय ते सांगत होते. “वाघ मेला, त्याला मारणारा साहेबही मेला, पण कातड्याला कसर लागली नाही. का?” आम्ही पाढे म्हणावेत तसे एका सुरात ओरडलो, “सोमल.” शेजारच्या एका बाईंनी आपल्या मुलीला आमच्यापासून लांब ओढून घेतलं. काचेतले बुडबुडे कोण घालवतं, बंदुकीचे छर्रे गोल कशामुळे होतात, चामड्यावरचे केस कशानं उतरवायचे, सगळ्याचं उत्तर आमच्या जिभेवर तयार असे. माझा पहिला मोबाईल त्यांच्या हातात दिला तेव्हा तो कितीला घेतला हे त्यांनी विचारलंच नाही. कानाशी धरून म्हणाले, “याच्याही पोटात चिमूटभर आहे बरं का.”

माझ्या धाकट्या भावाचं लग्न तर या सोमलापायी मोडता मोडता राहिलं. मुलीकडचे लालबागचे, मूळ कणकवलीचे. बोलणी छान चालली होती. बाबा भारावून म्हणाले, “ठरल्या शब्दाला आम्ही हरताळ फासणार नाही.” झालं. आतोबांनी बशी खाली ठेवली. “फासतात तो हरताळ म्हणजेही आर्सेनिकच, पिवळाधमक दगड. पूर्वी पोथीत अक्षर चुकलं की त्याच्यावर हरताळ फासायचे आणि वर नव्यानं लिहायचे. तेव्हा हरताळ ही मुळात चांगली गोष्ट आहे.”

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. लालबागमध्ये वाढलेल्या त्या माणसाला हरताळ एकच ठाऊक होता. “चांगली गोष्ट कसली, पाव्हणे? आमच्या बाबांची गिरणी त्या संपात गेली ती परत उघडली नाय.”

“पण तो हरताळ वेगळा.”

“वेगळा काय? घरात चूल पेटायचे वांधे झालेले. तुमी दादरवाले, तुमाला काय ठावक?”

पुढचा बराच वेळ एकाचा हरताळ पिवळा आणि दुसऱ्याचा लाल झेंड्याचा, असा सामना चालला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे थांबेना कुणीच. शेवटी आत्या म्हणाली, “अहो, तुमचा दगड जरा बाजूला ठेवा आणि ते काय सांगतायत ते ऐका.” आतोबांनी खरंच ऐकलं, मन लावून ऐकलं आणि सगळं ऐकून झाल्यावर हात जोडून माफी मागितली. लग्न थाटात झालं. व्याही आजही त्यांना प्रेमानं ‘हरताळवाले’ म्हणतात.

गेल्या वर्षी आत्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले, दात घासताना रक्त येऊ लागलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी परळच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथली डॉक्टर वयानं अगदी लहान, पण बोलायला स्वच्छ. “हा ब्लड कॅन्सरच आहे, पण त्यातला बरा होणारा प्रकार आहे. सुरुवातीचे दिवस धोक्याचे. ते निभावले की बहुतेक पेशंट बरे होतात. कॅप्सूल देऊ आणि सलाईनमधून आर्सेनिक.”

मी आतोबांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याची वकिली केली त्याच्या बाजूनं एवढा मोठा निकाल लागला होता, आणि आमचे वकील पांढरेफटक पडले होते. “दुसरं काही नाही का देता येणार?” त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाली, “काका, ह्या आजारावर यापेक्षा चांगलं औषध नाही.” ते पुटपुटले, “मग निदान थोडं कमी…”

पलंगावरून आत्यानं विचारलं, “आर्सेनिक म्हणजे ह्यांचा सोमलच ना?” डॉक्टरनं मान हलवली. “मग द्या. इतकी वर्षं कानातून जातोय, आता शिरेतून जाऊ दे.”

बाहेर आल्यावर आतोबा भिंतीला टेकले. “अरे, त्याचा कणही तिला लागू नये म्हणून मी जन्मभर हात धुतले,” म्हणाले आणि रडायलाच लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांचा हात धरून उभा राहिलो.

ते पहिले आठवडे फार वाईट गेले. आत्याला ताप भरला, धाप लागली, ऑक्सिजन लावावा लागला. आतोबा सलाईनकडे नजर लावून बसून राहायचे, कुणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत. त्यांची ती शांतता मला सोसवत नसे. सोमलावर काहीतरी, काहीही बोला, असं त्यांना सांगावंसं वाटायचं. मग हळूहळू ताप उतरला, रक्ताचे रिपोर्ट सुधारले आणि आत्या घरी आली. पुढची सलाईनं रोज जाऊन घ्यायची होती. त्यातल्या शेवटच्या दिवसांत मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं की आता रक्तात आजाराची खूण सापडत नाही.

कोकणातून आलेली एक बाई दाराशी उभी होती. तिच्या नवऱ्याचं तेच औषध त्या दिवशी सुरू होणार होतं. आतोबांना बघून दबक्या आवाजात म्हणाली, “ह्यां औषद म्हंजे विष आसा म्हणतत. खरां काय ओ?”

मी मनाची तयारी करून खुर्ची ओढली. आतोबांना याहून चांगला श्रोता मिळाला नसता. पण त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. तिथे आत्या एका हाताला सलाईन लावून बसली होती आणि दुसरा हात हलवून नर्सला माशाच्या कालवणात चिंच किती घालावी ते बजावत होती.

“ती माझी बायको,” आतोबा म्हणाले. “जा, तिच्याजवळ बसा.”