नानांच्या नावाची मूठ

लीलाधरने सासऱ्यांना पाहण्याआधी ऐकलं, आणि तेही चांगलं दीड मैलावरून. साल शहाऐंशी. पिंप्राळ्याहून मुलगी बघायला निघालेला हा सिंचन खात्यातला कारकून, सोबत मामांना घेऊन, चोपड्याच्या पुढच्या फाट्यावर एसटीतून उतरला. तोच केळीच्या बागांपलीकडून अशी आरोळी आली की झाडावरचे कावळे उडाले, एसटीच्या काचा थरथरल्या आणि कंडक्टरने कुणी चढतंय का हे न बघताच घंटी मारली. गावात खून पडलाय, अशी लीलाधरची खात्री झाली. प्रत्यक्षात पितांबरनाना शेतातून घरी मीठ मागत होते.

शेतात भरीत चाललं होतं. धोतर वर खोचलेले नाना कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात नुसत्या बोटांनी वांगी उलटत होते. चिमटा म्हणजे बायकांचं काम, असं त्यांचं मत. आणि बायकांना ते वांग्याला हात लावू देत नसत, ही गोष्ट वेगळी.

"या जावईबापू, बठा!"

"अहो, मुलगी बघायची आहे अजून," मामा म्हणाले.

"पोर कुठे जास? घरमाच शे. भरीत थंडं व्हई जाई!"

लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसह ठेचलेलं ते भरीत खाताना लीलाधरच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नानांनी तेवढ्यावर निकाल दिला, "पोऱ्या मायाळू शे. डोयामा पानी उनं त्याना." लग्न ठरलं. कुंदाला त्याने पाहिलं ते नंतर.

या एवढ्या मोठ्या आवाजाखाली, छातीत, एक गळकी झडप होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तो जाताना हृदयावर खूण ठेवून गेला. जळगावच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं : दात काढायचा झाला तर आधी माझ्याकडे या, औषध घ्यावं लागेल, तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि असल्या झडपेवर घर करतात. नाना हे सगळ्या गावाला अभिमानाने सांगत, जणू अशी झडप पंचक्रोशीत कुणाला परवडणारी नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात घरात कानबाई देवी बसली. खानदेशात कानबाईचे रोट म्हणजे खेळ नव्हे. घराण्यातल्या प्रत्येक हयात पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांचे जाड रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. लग्न होऊन गेलेली लेक नाही, जावई तर नाहीच. लीलाधर दरवर्षी शेजारी बसून वरणभात खाई आणि नाना त्याच्याकडे दयेने बघत रोट चावत.

त्या वर्षी नेमकी नानांची दाढ ठणकायला लागली.

"दुधात भिजवून देते," सासूबाई, सुमनबाई, म्हणाल्या.

"दूधमा भिजाडीसन पोरे खातस!"

नाना सरळ आठवडे बाजारात गेले. तिथे तोताराम नावाचा गृहस्थ चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसे. दुकानाची पाटी तीच. त्याने दाढ उपटली. नानांनी तोंडात लवंग धरली, दुसऱ्या बाजूने रोट खाल्ला आणि डॉक्टरांचा विषय मिटला.

गणपती उठले आणि नानांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. गावच्या डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. सुमनबाईंनी दृष्ट काढली. दोन्हींचा गुण सारखाच आला. दिवाळीला लीलाधर गेला तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा नानांच्या अंगावर लोंबत होता, आणि आवाज कसाबसा शेजारच्या ओट्यापर्यंत पोचत होता. बोटांच्या टोकांवर मटाराएवढ्या लाल, दुखऱ्या गाठी होत्या.

"वांगा उलटताना पोळनू," नाना म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांची बोटं, वांगी, जाळ, यात विचारायचं काय?

लीलाधरनेही मान डोलावली. मग, कारकुनाला शोभेल अशा सावकाशीने, त्याच्या ध्यानात आलं.

"नाना, कोणती वांगी? चातुर्मास चाललाय. चंपाषष्ठीपर्यंत या घरात वांगं येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने नानांना जळगावच्या गाडीत बसवलं.

जळगावला डॉक्टरांनी छाती ऐकली, बोटं पाहिली. "दात काढला?"

"छे!"

"आ करा."

नानांनी आ केला. तिथे तोतारामची सही होतीच.

झडपेवर जंतूंनी घरटं केलं होतं. त्याचे कण सुटून रक्ताबरोबर कुठेही जातात, डॉक्टर लीलाधरला म्हणाले. आज बोटात, उद्या मेंदूत. कित्येक आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शनं, मध्ये खंड नको. "ताप आधी जाईल. पेशंट तेव्हाच पळतात आणि तेव्हाच मरतात. सांभाळा."

ताप गेला. आवाज परतला. नानांनी खाटेवर बसून वॉर्डाला भरीत शिकवायला घेतलं, कोरडं, वांग्याविना. आणि चंपाषष्ठीच्या सकाळी खाट रिकामी.

लीलाधरने स्कूटर थेट बसस्टँडवर घातली. चोपड्याच्या गाडीत खिडकीशी डोक्यावरून शाल घेतलेले नाना सापडले. हातात सुई तशीच, वर चिकटपट्टी.

"नाना, उतरा."

"आते ताप नही, काही नही. बठ्ठा गाव वाट देखी ऱ्हायना. भरीत कोन करी?"

"करेल दुसरं कुणीतरी."

"दुसरा करी ती भाजी व्हई!"

गाडीतल्या लोकांनी नानांची बाजू घेतली. एक आजी तर लीलाधरला म्हणाल्या, "जाऊ दे ना रे भाऊ, सन शे." कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. लीलाधर वाटेतून बाजूला झाला.

"बरं, जा. सासूबाईंना निरोप देतो मी. पुढच्या कानबाईला गव्हाची एक मूठ कमी घ्या म्हणून."

नानांचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही जावई शेतस. रोटमा बोलाना तुम्हले हक नही!"

"नाहीच आहे. म्हणून तर सांगतोय. तुमच्या नावाचा रोट तुम्हीच खायचा, तुमच्या जागी मला खाता यायचा नाही, नाना."

नानांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि लीलाधरच्या हातात दिली.

"स्कूटर धिरे चालाडा," ते म्हणाले.

इंजेक्शनं पुरी झाली. पुढच्या श्रावणात सुमनबाईंनी नानांच्या नावाची मूठ चांगली भरगच्च घेतली. आपला रोट नानांनी दुधात भिजवून खाल्ला, भिंतीकडे तोंड करून.

झडप मात्र जंतूंनी आधीच कुरतडली होती. डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करा म्हटलं. नाना म्हणाले, केळी निघू द्या. दसऱ्यानंतर दम लागला आणि केळी निघायच्या आत नाना गेले. त्या चंपाषष्ठीचं भरीत चोपड्याच्या आचाऱ्याने केलं. वांगी गॅसवर भाजली होती.